खाजकुयली लागली? आधी चिकटपट्टी काढा

हिवाळ्यात तुरीच्या वावरात जाताना धुऱ्यावरच्या खाजकुयलीला हात घासला की माणूस पहिलं काम करतो ते खाजवण्याचं. तिथंच घोटाळा होतो. बारीक कुसळं आणखी रुततात, आणि त्याच हातानं मानेलाही लागतात.

वेल ओळखायला सोपी. पानं तीन-तीनच्या जुडीत, जांभळ्या फुलांचे लोंबते घोस, मग वाकड्या शेंगा. शेंगेवरची सोनेरी-तपकिरी मखमल म्हणजेच ती कुसळं. शेंग वाळली की ती वाऱ्यानंही उडतात. डबा खायला अशा वेलीजवळ बसूच नका.

लागलीच तर:

१. चोळू नका.
२. चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. दर वेळी नवा तुकडा. पट्टी नसेल तर कणकेचा गोळा दाबत न्या. तो मग फेका, गुरांपुढे टाकू नका.
३. त्यानंतरच साबण-पाणी. अंगावरचे कपडे वेगळे धुवा.

डोळ्यात गेलं तर पट्टी-कणीक काही नको. स्वच्छ पाण्यानं डोळा धुत राहा आणि सरळ दवाखाना गाठा.