कथेतील पात्र विश्वसनीय कसे करावे

नवोदितांच्या कथांमध्ये पात्राची माहिती सहसा भरपूर असते. उंची, वर्ण, नोकरी, आवडीचा पदार्थ असे सारे काही पहिल्याच परिच्छेदात येऊन जाते आणि तरीही माणूस काही उभा राहत नाही. याचे कारण असे, की वाचकाचा विश्वास पात्राच्या माहितीवर नव्हे, तर अडचणीत सापडल्यावर ते पात्र काय करते यावर बसतो. एस.टी.चा एक निवृत्त वाहक हे पात्र आपल्याला घडवायचे आहे असे धरून एकेक पायरी पाहू.

सर्वप्रथम जन्मसाल आणि गाव निश्चित करावे. आपला वाहक १९५८ साली माण तालुक्यातील एका खेड्यात जन्मला असे समजा. म्हणजे १९७२ च्या दुष्काळात तो चौदा वर्षांचा होता, आईबरोबर खडी फोडायला गेला असेल, दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीच्या पौष्टिक पिठावर दिवस काढले असतील आणि परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी गिळल्या असतील. २०१६ साली तो निवृत्त झाला आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. यातले अवाक्षरही कथेत आले नाही तरी चालेल. परंतु डॉक्टरांनी मधुमेहासाठी ज्वारीची भाकरी सांगितलेली असताना हा गृहस्थ चपातीच का मागतो, हे लेखकाला पक्के ठाऊक असले पाहिजे.

नावाचा निर्णयही याच हिशेबाने होतो. त्याची पत्नी शकुंतला किंवा सुमन असू शकते, नात आर्या असू शकते. उलट केल्यास वाचक पहिल्याच ओळीत अडखळतो.

यानंतर पात्राचा व्यवसाय त्याच्या शरीरात कुठे मुरला आहे ते शोधावे. येथे घाई करू नये, कारण पात्राला जिवंतपणा येतो तो बहुतांशी येथेच. आयुष्यभर हलत्या गाडीत सीटच्या कडेला मांडी टेकवून तिकिटे देणारा माणूस लग्नाच्या मांडवातही कशाला तरी टेकूनच उभा राहील. नोटा मोजण्यापूर्वी तो त्या एका तोंडाने लावून घेईल, आणि वाण्याने सुट्ट्या रुपयाऐवजी चॉकलेट पुढे केले तर ते परत करील. एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, हा नियम त्याच्या अंगात इतका भिनलेला असेल, की नातू सायकलवर बसला की त्याचे बोट दाराच्या कडीवर आपोआप दोनदा वाजेल. अशा लकबी मात्र एका कथेत एक-दोनच वापराव्यात. सगळ्या ओतल्या तर पात्राऐवजी नकलाकार तयार होतो. त्या इतरांच्या कथांतून उचलण्यापेक्षा स्थानकावर तासभर बसून स्वतः टिपणे केव्हाही चांगले.

आता मुख्य काम. पात्राला काय हवे आहे आणि ते कोणापासून काय लपवीत आहे, हे दोन प्रश्न सोडवावेत. आपल्या वाहकाला म्हातारपणी घरात आणि गावात मान हवा आहे. पण नोकरीच्या ऐन उमेदीत एकदा पैसे घेऊन तिकीट न देताना तो तपासणीत सापडला होता आणि निलंबित झाला होता. घरी मात्र त्याने टायफॉइडची रजा सांगितली. आता शेजारचा तरुण वाहक नेमक्या त्याच आरोपात अडकून, सर्वांदेखत, त्याच्याकडे सल्ला मागायला येतो. खरा सल्ला द्यायचा तर स्वतःचे पितळ उघडे पडते, आणि न दिल्यास पोराची नोकरी जाते. तो गप्प बसला तरी पटेल आणि बोलला तरी पटेल, फक्त त्या निर्णयाची मुळे आधीच्या पानांत दिसली पाहिजेत. शेवटच्या परिच्छेदात अचानक होणारे हृदयपरिवर्तन मात्र कोणालाही पटत नाही, कितीही सुंदर शब्दांत लिहिले तरी.

संवाद लिहिताना हाच माणूस आगारप्रमुखांशी ‘होय साहेब, करतो’ असे जपून बोलेल आणि पारावर त्याच्या तोंडी ‘लई’ व ‘न्हाई’ येईल, हा फरक सांभाळावा. प्रत्येक शब्द बोलीत लिहिण्याचा अट्टहास नको. वाक्याचा हेल आणि चार-दोन शब्द पुरतात. बोलणाऱ्यांची नावे झाकून संवाद वाचून पाहावा, आणि कोण बोलते आहे ते ओळखू आले नाही, तर सगळी पात्रे लेखकाच्याच आवाजात बोलत आहेत असे समजावे.

शेवटची पायरी बहुतेक जण टाळतात. तोच प्रसंग दुय्यम पात्राच्या नजरेतून एकदा लिहून काढावा, छापण्यासाठी नव्हे, तपासण्यासाठी. वाहकाच्या पत्नीला केवळ चहा आणण्यापुरते ठेवले असेल, तर या खेपेला तिच्या बाजूने विचार करावा लागतो. टायफॉइड झालेला माणूस रोज चवीने ठेचा-भाकरी खात नाही, हे तिला तेव्हाच कळले असणार. मग ती इतकी वर्षे काहीच का बोलली नाही? याचे उत्तर शोधताना कथा वाहकाची न राहता तिची झाली, तर लिहिलेली पाने बाजूला ठेवावीत आणि तिच्या जन्मसालापासून पुन्हा सुरुवात करावी.