एमपीआय: डेटाटाइपला जोडलेलं अ‍ॅट्रिब्यूट परत कसं वाचायचं

एमपीआय (मेसेज पासिंग इंटरफेस) म्हणजे एकत्र चालणाऱ्या अनेक प्रोसेसनी एकमेकांना डेटा पाठवायची प्रमाणित पद्धत. समजा, सिम्युलेशनमधल्या एका कणासाठी तुम्ही तिचा डेटाटाइप, म्हणजे डेटाच्या मांडणीचं वर्णन, बनवलाय: तीन डबल आणि एक इंट. तो तुमच्याच टीममधल्या दुसऱ्या कोणाच्या फंक्शनकडे गेला, की त्याच्या हातात फक्त एक हँडल, म्हणजे त्या टाइपकडे बोट दाखवणारी खूण, येतं. हे आकडे मीटरमध्ये आहेत की किलोमीटरमध्ये, फाइलमध्ये हा प्रकार कोणत्या नावाने लिहायचा, हे त्या हँडलवरून कळत नाही. अशी जादा माहिती अ‍ॅट्रिब्यूट म्हणून डेटाटाइपलाच बांधून ठेवायची सोय एमपीआयच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे 1997 साली, आली. कम्युनिकेटरसाठी, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या प्रोसेसच्या गटासाठी, ती आधीपासून होती.

आधी एक गल्लत दूर करू. कणाचा आकार किंवा विस्तार हवा असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. त्यासाठी टाइप_साइझ आणि टाइप_गेट_एक्सटेंट आहेत. नेहमीच्या 64-बिट मशिनवर आपल्या कणाचा आकार 28 बाइट आणि विस्तार 32 बाइट येतो, कारण शेवटी 4 बाइटची मोकळी जागा धरली जाते. टाइप कशापासून बनला हे टाइप_गेट_एन्व्हलप आणि टाइप_गेट_कंटेंट्स सांगतात. यातलं काहीच अ‍ॅट्रिब्यूट नाही. अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे तुम्ही स्वतः जोडलेली गोष्ट. कम्युनिकेटरला टॅगची (मेसेजला दिलेल्या क्रमांकाची) कमाल मर्यादा वगैरे काही अ‍ॅट्रिब्यूट तयार मिळतात, तसं डेटाटाइपच्या बाबतीत काही नाही. तुम्ही ठेवलं असेल तरच मिळेल.

(फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. प्रत्यक्षात प्रत्येकाच्या आधी ‘एमपीआय_’ लागतं.)

पहिली पायरी किल्लीची. टाइप_क्रिएट_कीव्हॅल बोलावून एक पूर्णांक किल्ली मिळवा; माहिती हिच्याखाली ठेवायची आणि हिनेच परत शोधायची. त्याला कॉपीचं फंक्शन (टाइपची प्रत काढताना चालणारं), डिलीटचं फंक्शन (टाइप मोकळा करताना चालणारं), किल्ली ठेवायच्या व्हेरिएबलचा पत्ता आणि एक जादा पॉइंटर द्यावा लागतो. सुरुवातीला दोन्ही फंक्शनांच्या जागी एमपीआयची तयार ‘नल’ फंक्शनं द्या, जादा पॉइंटरच्या जागी नल चालतं. किल्ली ग्लोबल किंवा स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवा, नाहीतर वाचणाऱ्या फंक्शनपर्यंत ती पोचणारच नाही.

मग टाइप_सेट_अ‍ॅट्रने माहिती जोडा. एमपीआय तुमच्या माहितीची प्रत करत नाही, फक्त पॉइंटर जपून ठेवतं. त्यामुळे फंक्शनच्या आतल्या लोकल स्ट्रक्टचा पत्ता देऊ नका. फंक्शन संपलं की तो पत्ता निकामी. मॅलॉकने घेतलेली किंवा स्टॅटिक जागा द्या.

आता वाचन:

टाइप_गेट_अ‍ॅट्र(कणटाइप, किल्ली, &माहिती, &सापडली);

इथे ‘माहिती’ हा तुमच्या स्ट्रक्टचा पॉइंटर आहे आणि आपण त्याचाही पत्ता देतोय. तिसऱ्या आर्ग्युमेंटचा प्रकार व्हॉइड पॉइंटर असल्यामुळे ‘&’ विसरलात तरी कंपायलर चकार शब्द काढत नाही. हाक मारल्यावर आधी ‘सापडली’ तपासा. ती शून्य असेल तर या टाइपला त्या किल्लीखाली काही जोडलेलं नाही, आणि मग ‘माहिती’ला हात लावू नका. किल्ली बनलेलीच नसेल तर मात्र तो एरर ठरतो, आणि एरर हँडलर बदलला नसेल तर अख्खा प्रोग्रॅम तिथेच आपटतो.

मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. स्ट्रक्टऐवजी नुसता 5 हा आकडा पॉइंटरमध्ये कोंबून ठेवला होता आणि वाचताना साध्या इंटचा पत्ता दिला. 64-बिट मशिनवर एमपीआय तिथे 8 बाइट लिहितं, इंटला जागा 4 बाइटची. उरलेले 4 शून्य बाइट शेजारच्या व्हेरिएबलवर जाऊन बसले. तो होता लूपचा काउंटर. प्रत्येक फेरीत तो शून्य व्हायचा आणि लूप काही संपेना! मी आपला मेसेजिंगमध्ये डेडलॉक, म्हणजे प्रोसेस एकमेकांची वाट बघत अडकल्यात का ते, शोधत बसलो. आकडाच ठेवायचा असेल तर तो पॉइंटरएवढ्या रुंदीच्या पूर्णांकात, म्हणजे एमपीआय_एइंटमध्ये, वाचून घ्या. फोरट्रानवाल्यांनी ‘अ‍ॅड्रेस काइंड’चा इंटिजर वापरावा.

अ‍ॅट्रिब्यूट त्या-त्या प्रोसेसपुरतं असतं. फक्त शून्य रँकवर (रँक म्हणजे प्रोसेसचा क्रमांक) जोडलं, तर बाकीच्या रँकवर ‘सापडली’ शून्यच येणार. डेटा पाठवताना ते सोबत जात नाही. तसंच, कणटाइपपासून सलग दहा कणांचा नवा टाइप बनवलात तर त्यालाही ते मिळत नाही.

टाइप_डुपने टाइपची प्रत काढल्यावर मात्र कॉपीचं फंक्शन चालतं. तिथे ‘नल’ कॉपी दिली असेल तर नव्या टाइपवर अ‍ॅट्रिब्यूट नसतं. तयार ‘डुप’ फंक्शन दिलंत तर पॉइंटर जसाच्या तसा जातो, म्हणजे दोन टाइप आणि मेमरी एकच. अशा वेळी डिलीटच्या फंक्शनमध्ये फ्री लिहिलंत, तर दोन्ही टाइप मोकळे करताना तीच मेमरी दोनदा सोडली जाते. एक तर कॉपीच्या फंक्शनमध्ये नवी जागा घेऊन माहिती उतरवा, नाहीतर स्ट्रक्टमध्ये मोजणी ठेवून शेवटच्या टाइपच्या वेळीच फ्री करा.

वापर संपला की टाइप_फ्री, आणि त्यानंतर टाइप_फ्री_कीव्हॅल. किल्ली आधी सोडलीत तरी जोडलेली माहिती लगेच जात नाही, पण हातातली किल्ली अवैध होते. मग ती माहिती वाचायला मार्ग उरत नाही.