क्लासिक्सला अ‍ॅडमिशन झालीय? मग क्लास सुरू व्हायच्या आत एवढं उरकून घ्या

क्लासिक्स (प्राचीन ग्रीक आणि लॅटिनचा अभ्यास) म्हणजे देवदेवतांच्या गोष्टी, पुतळे, ग्लॅडिएटर असं डोक्यात घेऊन बरेच जण येतात आणि पहिल्या महिन्यात समोर येतं ते व्याकरण. त्यामुळे सुट्टीत पहिला नंबर भाषेचा. ग्रीकची २४ अक्षरं काही दिवसांत हातात बसतात, पण त्यांच्यावरचे स्वराघात आणि सुरुवातीच्या स्वरावरची ती स्वल्पविरामासारखी खूण (आधी 'ह' म्हणायचा की नाही ते सांगणारी) पहिल्यापासूनच लिहा, 'नंतर लावू' म्हणणारे नंतरही लावत नाहीत. लॅटिनला सहा विभक्त्या, ग्रीकला पाच. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर 'देवः देवौ देवाः' घोकलेलं इथे कामी येतं बरं का, कारण ग्रीकमधे द्विवचनही भेटतं आणि आत्मनेपदासारखा प्रकारही.

क्रियापदाचं मात्र एकच रूप पाठ करून भागत नाही, मूळ रूपं सगळी एकदम पाठ करायची. लॅटिनमधे फेरो, फेरे, तुली, लातुम, ग्रीकमधे फेरो, ओइसो, एनेंका, दोन्हीचा अर्थ वाहून नेणं, पण रूपं वेगवेगळ्या धातूंवरून आलेली, म्हणजे उताऱ्यात 'तुली' दिसलं की 'फेरो' आठवलंच पाहिजे, नाहीतर ते वाक्य तिथेच अडकलं. रोज अर्धा तास मोठ्याने म्हणा, रविवारी चार तास बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

दुसरं म्हणजे वाचन, आणि ते बिनधास्त भाषांतरातून करा. होमरची ग्रीक महाकाव्यं इलियड आणि ओडिसी प्रत्येकी २४ सर्गांची, व्हर्जिलचं लॅटिन महाकाव्य एनीड १२ सर्गांचं, टर्म सुरू झाली की यातला एखादाच सर्ग मुळातून वाचून होतो आणि बाकीची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे असं सगळे धरून चालतात. ग्रीक इतिहासकारांपैकी हेरोडोटस मजेत वाचून होतो, थ्युसिडिडीसला वेळ लागतो, त्यातली भाषणं तर भाषांतरातसुद्धा दोनदा वाचावी लागतात, घाबरू नका.

वाचताना संदर्भ कसे देतात तेही बघून ठेवा, कारण इथे पान नंबर चालत नाही. होमरला सर्ग आणि ओळ, तर प्लेटोला स्टेफानुस नावाच्या मुद्रकाने १५७८ साली काढलेल्या आवृत्तीची पानं, अजूनही! गुहेचा प्रसंग म्हणजे रिपब्लिक ५१४अ, मग हातात कुठलीही आवृत्ती असो.

लोएब या द्विभाषिक मालिकेची पुस्तकं लायब्ररीत हिरवी आणि लाल दिसतील, हिरवी ग्रीक, लाल लॅटिन, डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर इंग्रजी. आता खरं सांगायचं तर उजवं पान झाकल्याशिवाय काही शिकणं होत नाही, डोळे आपोआप तिकडे जातात, तेव्हा एक जाड कागद त्यातच ठेवून द्या.

इतिहासाच्या सगळ्या तारखा नकोत, मोजके खांब पुरेत: सालामिसची लढाई इ.स.पू. ४८०, पेलोपोनेशियन युद्ध ४३१ ते ४०४, अलेक्झांडरचा मृत्यू ३२३, सीझरचा खून ४४, अ‍ॅक्टियमची लढाई ३१. सोबत एक नकाशा भिंतीवर लावा, कारण 'ग्रीक' म्हटलं की आपण फक्त आजचा ग्रीस बघतो आणि मिलेटस, इफेसस, हॅलिकार्नासस तर आजच्या तुर्कस्तानात आहेत, सिराक्यूज सिसिलीत. रोमन नावांसाठी वेगळी वही केलीत तर स्वतःलाच दुवा द्याल. इ.स.पू. २०२ ला झामाच्या लढाईत कार्थेजचा सेनापती हॅनिबलला हरवणारा स्किपिओ आफ्रिकानुस आणि १४६ ला कार्थेज जमीनदोस्त करणाराही स्किपिओ आफ्रिकानुस, दुसरा पहिल्याचा दत्तक नातू. आणि बायकांची तर कमालच, ज्युलियस घराण्यातली प्रत्येक मुलगी ज्युलिया.

उरलेली किरकोळ कामं एका संध्याकाळी होतात. लॅपटॉपवर ग्रीक कीबोर्ड टाकताना पॉलिटॉनिक निवडा, साध्या आधुनिक कीबोर्डवर जुन्या खुणा उमटत नाहीत. पर्सियस (मूळ ग्रंथांसाठी) आणि लोगेऑन (शब्दकोशांसाठी) या साइट्स बुकमार्क करा, दोन्ही फुकट आहेत. आणि व्याकरणाचं पुस्तक विकत घ्यायच्या आधी डिपार्टमेंटला मेल टाकून कुठलं वापरतात ते विचारा, प्रत्येक पुस्तकात धड्यांचा क्रम वेगळा असतो, कधी कधी विभक्त्यांचासुद्धा.