देवघरातल्या जुन्या मूर्तीचं वय काढताना या चुका टाळा

खानदेशात कानबाईच्या रोटांआधी, म्हणजे श्रावणातल्या देवीच्या सणाआधी, घर झाडून निघतं, देवघरही खाली उतरतं. पहिली चूक तिथेच होते. कुणीतरी चिंच आणि राख घेऊन देव लख्ख घासून टाकतं आणि मग विचारतं, "ही मूर्ती किती जुनी असेल हो?" अहो, ते सांगणारा काळपट थर तर मोरीत वाहून गेला! मऊ, कोरड्या फडक्याने फक्त धूळ पुसा. मग बॅटरीचा उजेड तिरपा पाडून बैठकीचे, पाठीचे आणि तळाचे फोटो काढा. पुसट अक्षरं अशाच उजेडात उठून दिसतात.

दुसरी चूक आमच्याच घरात झाली. चोपड्याला मामांकडे पितळेचा रांगता बाळकृष्ण आहे. बैठकीखाली १८८१ हा आकडा. मामांनी तो शक धरला, ७८ मिळवले आणि साल काढलं १९५९. "आपल्या आजीच्या वेळचा आहे," म्हणून विषय संपला. मी फोटो मोठा करून पाहिला, तर आकड्याआधी पुसट 'सं' आणि पुढे 'वैशाख सुद'. मराठी माणूस 'शुद्ध' लिहितो; 'सुद' म्हटलं की गुजराती वळण आलं, आणि त्यासोबत विक्रम संवत. गुजराती संवत दिवाळीच्या पाडव्याला बदलतो, म्हणून वैशाखाला ५६ वजा करायचे. साल आलं १८२५. एका अक्षराने १३४ वर्षांचा फरक! गुजरातला लागून असलेल्या आपल्या भागात ही खात्री केल्याशिवाय पुढे जाऊच नका.

संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव कोरलेलं असेल तर सोनंच. शकात १२ मिळवा, ६० ने भागा. बाकी म्हणजे प्रभवपासूनचा क्रमांक. शके १५९६ ला बाकी ४८, म्हणजे आनंद. शिवराज्याभिषेकाचं संवत्सर हेच. नाव आणि आकडा जुळत नसेल तर वाचनात चूक आहे किंवा लेख मागाहून कोरलाय.

लेख नसेल तर झीज पाहा. रोजचं स्नान आणि पुसणं नाक, गुडघे, पोट असे उंचवटे झिजवतं. खाचा शाबूत राहतात. सगळं अंग सारखंच खरबरीत आणि हिरवट असेल तर मला पहिला संशय आम्ल लावून मूर्ती मुद्दाम जुनी दाखवल्याचा येतो.

काळा दगड दिसला की 'हेमाडपंती' म्हणू नका. ज्याचं नाव या शैलीला आहे तो यादवांचा मंत्री हेमाद्री (हेमाडपंत) तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला; चाळीसगावजवळच्या वाघळीच्या मंदिरातला शिलालेख शके ९९१ चा, म्हणजे दोनशे वर्षं आधीचा. आणि आपल्याकडे काळा दगड कालही होता, आजही आहे.

ओळखतानाही घाई नडते. डोक्यावर नागफणा, पण हातात एकही आयुध नाही, ध्यानस्थ बैठक, छातीवर श्रीवत्साचं चिन्ह: तो शंकर नव्हे, जैन तीर्थंकर पार्श्वनाथ. विष्णूची आयुधं मूर्तीच्या स्वतःच्या खालच्या उजव्या हातापासून वर, मग वरच्या डाव्यावरून खाली अशी वाचा. पद्म, शंख, चक्र, गदा असेल तर केशव. क्रम बदलला की नाव बदलतं.

शेंदराचा थर मात्र स्वतः खरवडू नका. सप्तशृंगगडावर २०२२ मध्ये लेपन उतरवल्यावर देवीचं मूळ रूप दिसलं, पण ते जाणकारांचं काम होतं. आणि नांगराला मूर्ती लागली तर ती धुऊन, शेंदूर फासून पारावर बसवू नका. आहे त्या जागी फोटो काढा आणि तहसील कचेरीत कळवा. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. किती खोलीवर, कशासोबत निघाली हेही लिहून ठेवा.