दाढदुखीची वही कशी ठेवावी

'कधीपासून दुखतं?' असं डॉक्टरांनी विचारलं की उत्तर ठरलेलं: 'बरेच दिवस झाले हो, सारखंच दुखतं.' या 'सारखंच'वरून काहीही कळत नाही. मी राहते गोव्यात, फोंड्याला आणि वेदनेवरच्या क्लिनिकल अभ्यासांत रुग्णांच्या नोंदी बघायचं काम करते. बांबोळीच्या दंत रुग्णालयात जायच्या आधी निदान आठवडाभर तरी वही ठेवा, असं मी घरच्यांनाही सांगते.

खिशात मावेल अशी वही घ्या. पहिल्या पानावर चेहरा काढा, कसाही चालेल, आणि दुखतं तिथे खूण करा. एका बोटाने दाखवता येतं की अख्खा गाल धरावा लागतो, तेही लिहा.

मग प्रत्येक वेळची नोंद. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कळ किती वेळ टिकली. थंड सोलकढीचा घोट घेतला, कळ आली आणि घोट गिळल्यावरही बराच वेळ राहिली, रात्री आडवं झाल्यावर ठणका वाढला, तर संशय दाताच्या आतल्या नसेवर जातो. कडक उंडा (गोव्याचा पाव) चावताना किंवा चावून दाब सोडताना नेमकी एका दाढेत सणक आली, तर दाताला तडा असू शकतो. पण तोंड धुताना, दाढी करताना, स्कूटरवर वारा लागताना गालात विजेचा झटका बसावा तशी कळ येऊन काही सेकंदांत गेली, फार तर दोन मिनिटं टिकली, तीही एकाच बाजूला, तर दात निर्दोष असू शकतो. चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेचं ते दुखणं असेल. त्यापायी चांगल्या दाढा काढून घेतलेली माणसं असतात, आणि दाढ गेली तरी कळ तशीच. त्यावर कार्बामाझेपिन हे औषध 1960च्या दशकापासून वापरात आहे. शेजाऱ्याच्या डबीतली गोळी मात्र घेऊ नका, रक्ततपासणी वगैरे डॉक्टर बघतात.

कळेला 0 ते 10 आकडा द्या. 10 म्हणजे तुम्हाला कल्पना करता येईल तेवढं. सासूबाईंच्या दहाशी तुमचा दहा जुळवायची गरज नाही. तुमचाच सात पाचावर आला का, एवढंच बघायचं; अभ्यासांतही साधारण दोन आकड्यांची किंवा 30 टक्क्यांची घट खरा फरक मानतात.

गोळी घेतली तर नाव, मिलिग्रॅम, वेळ. लवंग ठेवली किंवा काजूची फेणी दाढेत धरली तर तेही लिहा. लाजू नका, डॉक्टरांनी हे पूर्वीही ऐकलेलं असतं. शब्द तुमचेच ठेवा, कोंकणीत सुचलं तर कोंकणीत.

आणि लिहायचं त्याच वेळी. 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. जुनाट वेदनेच्या रुग्णांना कागदी वह्या दिल्या आणि फायलीत प्रकाश ओळखणारा सेन्सर लपवला. रुग्णांच्या नोंदींप्रमाणे 90 टक्के वेळा ठरल्या वेळी लिहिलेलं होतं. सेन्सरच्या हिशेबाने ते 11 टक्के निघालं. वाट बघताना बाकावर बसून आठवडा एका दमात भरलेला मलाही ओळखू येतो: एकच पेन, एकसारखं अक्षर, सगळीकडे पाच. वेळ हुकली तर पान कोरं सोडा. कोऱ्या पानाने कुणाची फसवणूक होत नाही.

काही दुखण्यांना वही नको. चालताना, जिना चढताना जबडा दुखून घाम फुटला, तोंड वाकडं झालं, चेहरा अचानक बधिर झाला, तर लगेच 108. गाल सुजून ताप आला आणि तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

तुम्हाला कुणी अभ्यासात सामील व्हायला सांगितलं, तर संमतिपत्र घरी न्या, वाचा. औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. 2009पासून ती नोंदणी सक्तीची आहे. मधूनच बाहेर पडलात तरी तुमचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. आणि वहीची झेरॉक्स द्या, मूळ वही तुमच्याकडेच राहू द्या.