परदेशी मदतीला जाताय? आधी गच्चीवर मच्छरदाणी बांधून पाहा

माझा धंदा मंडपाचा, अमळनेरात. पूर-वादळानंतर परदेशात तंबू उभारायला जाणाऱ्या पथकात मंडपवाल्याला मागणी असते, म्हणून मीही जातो. सोबतची पोरं बॅगेत शेवेची पाकिटं कोंबतात आणि जाळी मात्र ‘तिकडे मिळेल’ म्हणून घरीच ठेवतात. तिकडे मिळणारी जाळी तिथल्या उघड्यावर पडलेल्या लोकांसाठी असते भो, आपली आपण न्यावी.

जाळी कीटकनाशक लावलेलीच घ्या, चौरस इंचाला 156 छिद्रांची. पाकिटातून काढली की वापरण्याआधी एक दिवस सावलीत पसरून ठेवा. धुतली तरी सावलीतच वाळवा, उन्हानं औषध उतरतं. आकार चौकोनीच बरा. गोल जाळी एका हुकावर लटकते खरी, पण रात्री गुडघा किंवा कोपर जाळीला टेकलं की मच्छर बाहेरून चावतो.

आता बांधणी. तंबूच्या खांबाला जाळी थेट बांधू नका. वाऱ्यानं खांब हलला की जाळीला ओढ बसते आणि कोपरा फाटतो. दोन्ही बाजूंच्या खांबांना डोक्याच्या उंचीवर दोन दोऱ्या ताणा आणि जाळीचे चार कोपरे त्यांना सरकगाठीनं अडकवा. म्हणजे झोपण्याआधी हातानं ताण कमी-जास्त करता येतो. सुतळी नको. ओली झाली की ती आकसते, वाळली की ढिली पडते आणि जाळी थेट पोटावर येते. कपडे वाळत घालायची प्लास्टिकची दोरी चालते.

खरी भानगड खाली असते. उन्हाळ्यात आपण धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, बाजेवर झोपतो तेव्हा नवारीच्या फटींतून पाठीला चावणारे मच्छर आठवा. कॅम्पमधल्या घडीच्या खाटेचं कापडही पातळ असतं, त्यामुळे खालून चावतात. म्हणून आधी जाड सतरंजी किंवा गोधडी अंथरा, मग जाळीची कड चारही बाजूंनी त्या अंथरुणाखाली हातभर खोचा. जमिनीवर झोपत असाल तर ताडपत्रीवर अंथरूण टाका आणि कड त्याखाली. आत शिरल्यावर टॉर्च मारून कोपरे पाहायचेच, आत अडकलेला एक मच्छर रात्र खराब करायला पुरे. सुई-दोरा जवळ ठेवा, छोटं भोक त्याच दिवशी शिवा. बंद तंबूत कॉईल लावू नका. धूर कोंडतो आणि जाळीला आग लागायची भीती वेगळीच.

रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांनीही जाळी लावावी. मलेरियाचा मच्छर रात्रीचा, पण डेंगूचा दिवसा चावतो. संध्याकाळी बाहेर काम असेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे आणि उघड्या अंगाला डीईईटी (मच्छर दूर ठेवणारं औषध) असलेलं मलम. कपड्यांवर मारायचं परमेथ्रिन मात्र अंगाला लावायचं नसतं.

मार्च 2019 मध्ये इडाई वादळानं मोझांबिकच्या बैरा भागाची वाट लावली, त्यानंतर तिथे मलेरिया वाढला. अशा ठिकाणी जाळीच्या जोडीला गोळ्याही लागतात. कुठली गोळी ते जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. डॉक्सिसायक्लिन दिली तर ती परतल्यावरही चार आठवडे रोज घ्यायची असते, आणि घरी आलं की लोक नेमकी हीच विसरतात.

परतल्यावर पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर साधा ताप म्हणून अंगावर काढू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि कुठल्या देशातून आलात ते डॉक्टरांना आधी सांगा. तिकडचा फाल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतो.