क्रेडिट कार्डावरचा प्रवास विमा: तिकीट काढण्याआधी काय तपासावे

कार्डाच्या जाहिरातीत विम्याचा कोटीतला आकडा ठळक छापलेला असतो. बहुधा तो फक्त विमान अपघातातल्या मृत्यूसाठी असतो. बॅग उशिरा येणे, पासपोर्ट हरवणे, परदेशात दवाखान्यात भरती व्हावे लागणे यांच्या रकमा बारीक अक्षरात असतात, आणि लोकांना खरी गरज पडते ती त्यांचीच.

आधी बँकेच्या संकेतस्थळावरून आपल्याच कार्डाची नियमावली उतरवून घ्या. विमा बँकेचा नसतो. तिने विमा कंपनीकडून घेतलेल्या गट पॉलिसीत कार्डधारक येतात. पॉलिसीची मुदत संपली की फायदे बदलू शकतात, म्हणून तारीख पाहा. संरक्षण फक्त मुख्य कार्डधारकाला की कुटुंबालाही, वयाची अट काय, दावा किती दिवसांत कळवायचा, हेही त्यातच असते. नॉमिनीचे नाव नोंदवले नसेल तर आजच नोंदवा.

मग तिकीट. पूर्ण भाडे त्याच कार्डाने भरलेले असावे, अशी अट बऱ्याच कार्डांना असते. लक्ष्मी रस्त्यावरच्या एजंटाला चेक दिला, तर खिशातल्या कार्डाचा उपयोग नाही. काही कार्डे प्रवासाआधीच्या ठरावीक दिवसांत वापरलेलीही असावी लागतात.

पुणेकरांसाठी एक खास मुद्दा. लोहगावहून थेट परदेशी उड्डाणे मोजकीच, त्यामुळे अनेकांना मुंबई गाठावी लागते. घाटात गाडी अडकून विमान चुकले तर 'मिस्ड कनेक्शन'चा दावा सहसा बसत नाही. ते कलम एका विमानाच्या उशिरामुळे पुढचे विमान चुकते तेव्हाचे. बराच वेळ हाताशी ठेवून निघणे हाच त्यावर विमा.

पट्ट्यावर बॅग आली नाही, तर विमानतळाबाहेर पडण्याआधी एअरलाइनच्या काउंटरवर 'पीआयआर', म्हणजे बॅग न मिळाल्याची लेखी नोंद, करून घ्या. दावे बरेचदा इथेच अडतात: बाहेर पडल्यावर बॅग एअरलाइनच्या ताब्यातच हरवली हे दाखवणे अवघड. बोर्डिंग पास, बॅगेचा टॅग आणि तातडीच्या खरेदीची बिले जपा. परतीच्या प्रवासात भारतात बॅग उशिरा आली तर अनेक पॉलिसी पैसे देत नाहीत. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करारानुसार एअरलाइनकडे लेखी तक्रार वेगळी करायची असते: बॅग फुटली असेल तर मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिरा आली असेल तर २१ दिवसांत.

युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण लागते; कार्डाच्या माहितीपत्रकावर भिस्त ठेवू नका. मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांसाठी तर स्वतंत्र पॉलिसीच घ्यावी.

दावा नाकारला गेला तर आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लिहा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या पुण्यातल्या विमा लोकपालांकडे वर्षभरात अर्ज करता येतो. शुल्क लागत नाही.